हरभऱ्याला घाटे धरले नाहीत, दोष बियाण्याचा नाही



लवकर तुटलेला खोडवा मोडून हरभरा केलेल्या एका शेतावर सभासदांनी आम्हांस बोलावले. झाडे हिरवी, पण घाटे मोजकेच, आणि फोडून पाहिले तर बरेचसे पोचट. "साहेब, बियाणंच फसवं निघालं," असे त्यांचे म्हणणे. फुले थंडीने वा जादा पाण्यानेही गळतात हे खरे. पण वरच्या अंगाला त्याच पोत्यातले बी घाट्यांनी लगडलेले, आणि ओढ्याकडच्या बांधावर मात्र पांढरी खार फुटलेली!

मातीतल्या पाण्यात क्षार वाढले, की ओल असूनही मुळांना पाणी ओढणे जड जाते. शिवाय सोडियम आणि क्लोराईड पाण्याबरोबर वर चढून पानांत साठतात. झाड कसेबसे तगते, पण फुले कमी येतात आणि धरलेले घाटे पोसत नाहीत. भात पोटरीत असताना खार बाधली तर परागच वांझ होतो. पीक उभे दिसते, लोंब्या मात्र पोकळ.

उसाला फुलाशी कर्तव्य नाही. आपण कांडी लावतो. तुरा आला तर उलट हळहळतो. त्यामुळे खारीचा हा घाव उसात चटकन दिसत नाही. विरळ उगवण आणि कमी फुटवे यांचे खापर आपण बेण्यावर फोडतो. प्रत्यक्षात ऊस नाजूकच. मातीच्या संपृक्त अर्काची ई.सी. १.७ च्या वर गेली की उत्पादन घटू लागते, पुढे दर एककाला सुमारे ६ टक्के. गहू ६ पर्यंत सोसतो. तेव्हा गहू बरा आला म्हणून ऊसही येईल, हा हिशेब चुकतो.

सदर सभासद त्याच तुकड्यात आडसाली लावणार होते. आम्ही थांबविले. "मग जिप्सम टाकू का?" त्यांनी विचारले. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे जमीन चोपण असेल, तरच जिप्समचा उपयोग. तोही आधी चर काढून निचरा केला तर. नुसत्या खारवट जमिनीत क्षार धुऊन बाहेर जायला वाट हवी. रात्रभर पाट सोडून घरी झोपायचे आणि वर जिप्समची पोती रिचवायची, यात काय साधणार? हे बोललेले काहींना रुचत नाही, तरी बोलतो.

घाटे धरले नाहीत त्या जागची माती वेगळी आणि चांगल्या जागची वेगळी घ्यावी. पहिल्या फुटाची आणि दुसऱ्या फुटाचीही निरनिराळ्या पिशव्यांत. एकत्र कालवू नये. पिशवीवर गट नंबर लिहून लागणीपूर्वी गट ऑफिसात द्यावी.