सत्तावीस दुणे चोपन्न

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६. ब्लड कॅन्सर झालेल्या मुलाच्या रिपोर्टवर ५४ आकडा आला, तर डॉक्टरांना सहसा हायसं वाटतं. बी-पेशींच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात साधारण चौथा हिस्सा मुलांची गुणसूत्रं ५१ ते ६५ भरतात, आणि चांगले उपचार मिळाले तर त्यांतली दहापैकी नऊ वाचतात.

पण ५४ वर पोचायच्या वाटा दोन. एक सरळ : ४६ मध्ये आठेक जादा, म्हणून काही गुणसूत्रांच्या तीन-तीन प्रती. दुसरी लबाड. पेशी आधी गुणसूत्रं गमावत २७ वर येते, मग उरलेला संच दुप्पट करते. सत्तावीस दुणे चोपन्न! बेरीज तीच, प्रती मोजल्या की मात्र बिंग फुटतं. १९ प्रकारांच्या दोन-दोन, चार प्रकारांच्या चार-चार, तिनाची एकही नाही. त्या ‘दोन’सुद्धा आईकडून एक, वडिलांकडून एक अशा नसतात, एकाच प्रतीची ती नक्कल असते. एसएनपी अ‍ॅरे नावाची जनुकीय चाचणी नेमकं हेच पकडते. अशी मुलं फार थोडी, पण जुन्या अभ्यासांत त्यांतली जेमतेम निम्मी जगत. त्यांना कमी धोक्याच्या गटात बसवणं महागात पडतं.

उलटा प्रकारही आहे. १२ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांची टोकं आपसात बदलतात, पण तुकड्यांवरच्या रंगवलेल्या पट्ट्या इतक्या सारख्या, की सूक्ष्मदर्शकाखाली सगळं आलबेल दिसतं. डीएनएच्या ५० लाख अक्षरांहून लहान फेरफार त्या पद्धतीत एरवीही सुटतोच. १९९४ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी गुणसूत्रं चमकत्या रंगांनी रंगवली, तेव्हा ही अदलाबदल दिसली. तोवर जवळजवळ कुणालाच न दिसलेला हा दोष पाश्चात्त्य देशांतल्या सुमारे २५ टक्के मुलांत निघाला. सुदैवाने तो बरा होणाऱ्यांतला. तो शोधणाऱ्या फिश चाचणीत, म्हणजे जनुकांवर चमकते ठिपके लावून बघणाऱ्या चाचणीत, २१ व्या गुणसूत्रावरच्या जनुकाचे ठिपके पाच किंवा जास्त दिसले, तर मात्र धोक्याचा वेगळाच प्रकार असू शकतो. तो सुमारे २ टक्के मुलांत सापडतो आणि त्याला कडक उपचार लागतात.

हे सगळं पहिल्या बोनमॅरोच्या नमुन्यावर ठरतं. स्टेरॉइड सुरू झालं की कॅन्सरच्या पेशी झपाट्याने मरतात आणि तपासायला फारसं काही उरत नाही. तेव्हा पालकहो, पहिला डोस देण्याआधी एवढं विचारा : फिशसाठी आणि गुणसूत्रांसाठी नमुना गेला का?