भुतांनाही जात असते!

कोकणात पूर्वापार भुतांची एक यादी सांगितली जाते. मुंज झालेला ब्राह्मणाचा मुलगा सोडमुंजीआधी मेला की तो मुंजा. वासना उरलेला ब्राह्मण मेला की समंध. शूद्राचा देवचार, मुसलमानाचा खवीस. सवाष्ण मेली की जखीण, विधवा मेली की लावसट, बाळंतीण मेली की हडळ! माणूस मेला, पण जात मेली नाही. बाई मेली, पण वैधव्य सुटले नाही. भूत खरे की खोटे हा वाद क्षणभर बाजूला ठेवा. ही यादी कोणत्या समाजरचनेवर बेतली आहे, एवढेच आधी विचारा. चातुर्वर्ण्याने स्मशानातसुद्धा आपली उतरंड रचून ठेवली आहे.

ही भुते आता पिंपळावर राहत नाहीत, ती पडद्यावर राहतात. 1993 साली ‘झी हॉरर शो’ आला, 1995 साली ‘आहट’, 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’. जून 2024 मध्ये तर ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने शंभर कोटींहून अधिक कमाई केली. मुंजाच्या गळ्यात जानवे का, हा प्रश्न किती प्रेक्षकांना पडला असेल?

चारचौघांत बसून घाबरण्यात मजा असते, हे आम्हीही नाकारत नाही. भीती संपल्यावर जे हसू येते त्यासाठीच लोक तिकीट काढतात. त्यावर बंदी आणा, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप ठरलेल्या साच्यावर आहे. अशा बहुतेक कथांत डॉक्टर चुकतो, मांत्रिक खरा ठरतो आणि ‘भूतबित काही नसते’ म्हणणारा आधी मरतो.

पडद्यावर शंका घेणाऱ्याला भूत मारते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना मारले ते भुताने नव्हे, पिस्तूल घेतलेल्या माणसांनी! त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. या गोष्टी कोणा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. त्या इथे घडत होत्या. आणि साखळीत सापडते ती बहुधा गरीब घरची, जिच्या आजाराला दवाखाना मिळाला नाही अशी बाई.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना पहिलेच प्रकरण अलौकिकावरील श्रद्धेला दिले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते शोधायचे असते, ही बुद्धाची शिकवण त्यांनी तिथे मांडली.

तेव्हा बांधवांनो, टीव्ही फोडू नका. मालिका पाहणाऱ्या मुलाला फक्त विचारा, “बाळा, या भुताची जात कोणती रे?” ते पोर विचार करू लागले की भूत आपोआप पळेल. त्याला मांत्रिक लागणार नाही.