पाऊसवेड्यांना काय म्हणावे?

दिवाळीचा अंक हाती पडतो तेव्हा पाऊस बहुधा पाठ फिरवून गेलेला असतो. छत्र्या माळ्यावर चढतात, उन्हात गाद्या पडतात. आणि नेमकी तेव्हाच काही मंडळींना त्याची आठवण छळू लागते. भर श्रावणात कामधाम टाकून गॅलरीत उभी राहणारी ही माणसे प्रत्येक घरात एखादे तरी असतेच. त्यांना नाव काय द्यावे?

इंग्रजीत त्यांना ‘प्लुव्हिओफाइल’ म्हणतात. ‘प्लुव्हिआ’ म्हणजे पाऊस, हे लॅटिन. ‘फिलोस’ म्हणजे प्रिय, हे ग्रीक. असा हा मिश्रविवाह! ज्यांना तो खपत नाही त्यांच्यासाठी दोन्हीकडून ग्रीक असलेला ‘ऑम्ब्रोफाइल’ आहे. परंतु तो रूढ केला वनस्पतिशास्त्रज्ञांनी, भरपूर पाऊस मानवणाऱ्या वनस्पतींसाठी. पावसाळी मातीच्या वासालाही १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. आपल्या कनौजचे अत्तरवाले तर तोच वास चंदनतेलात उतरवून कुप्यांत भरत आले आहेत. शास्त्रज्ञांनीही आपल्या लेखात त्यांची दखल घेतली होती.

मग आपल्या भाषेत माणसासाठी शब्द नाही काय? अमरकोश उघडून पाहा. मोराला तेथे ‘मेघनादानुलासी’ म्हटले आहे. ढग गरजले की नाचणारा तो. बेडूक ‘वर्षाभू’, म्हणजे पावसात जन्मणारा. चातक ‘स्तोकक’, थेंबासाठी आर्जव करणारा. पशुपक्ष्यांवर नावांची अशी बरसात. माणूस तेवढा कोरडा राहिला!

यांतला चातक जरा न्याहाळण्यासारखा आहे. तो फक्त पावसाचेच पाणी पितो, ही कविकल्पना. पण पावसाच्या तोंडावर तो येतो, हे मात्र खरे. उत्तर व मध्य भारतात दिसणारे चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतात, असे पक्षितज्ज्ञ मानतात. पावसाळ्यात सुरवंटांची चंगळ असते. शिवाय सातभाईंची घरटी तयार असतात आणि चातकीण आपली अंडी त्यांत खुशाल घालून मोकळी होते. थोडक्यात, चातकाचे पाऊसप्रेम हे पोटाचे आणि पोराबाळांचे प्रेम आहे.

आणि येथेच आपल्या गॅलरीतल्या मंडळींनी थोडे थांबावे. पावसावर प्रेम करायला डोक्यावर न गळणारे छप्पर लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्री कंबरभर पाण्यातून घर गाठणाऱ्यांपैकी कितीजणांना भज्यांची आठवण झाली असेल? उलट, मृग कोरडा गेला की बी-बियाणे घरात ठेवून आभाळाकडे पाहणारा शेतकरी घ्या. त्याला तुम्ही ‘पाऊसवेडा’ म्हणालात तर तो हसेल. त्याच्या लेखी ते वेड नव्हे. वर्षभराच्या भाकरीचा हिशेब आहे.

म्हणून वाटणी अशी करावी. वाफाळता चहा घेऊन खिडकीशी बसणाऱ्या तुम्हीआम्ही खुशाल ‘पाऊसवेडे’ म्हणवून घ्यावे. शब्द गोड आहे, घरचा आहे आणि उच्चारायला प्लुव्हिओफाइलपेक्षा पुष्कळ सोपा. ‘चातक’ ही पदवी मात्र बांधावर उभ्या असलेल्या त्या माणसासाठी राखून ठेवावी.