सोन्याची तांबडी रेघ

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील आंधळगांव कोशाच्या वस्त्रांसाठीं विदर्भांत प्रसिद्ध आहे. सोन्याचा रंग कोणता असें तेथील विणकरास विचारलें, तर तो जरीच्या काठाकडे बोट दाखवील. परंतु तेंच सोनें अतिसूक्ष्म झालें म्हणजे माणकासारखें तांबडें दिसूं लागतें. आणि या तांबडेपणाचा उपयोग पूर्व विदर्भास पिढ्यान्‌पिढ्या पीडणाऱ्या हत्तीरोगाचा माग काढण्याकडे होतो.

हत्तीरोगाचे सुतासारखे कृमि मनुष्याच्या लसिकावाहिन्यांत कित्येक वर्षें राहतात. त्यांचीं सूक्ष्म पिल्लें रक्तांत हिंडतात आणि डांसांच्या द्वारें दुसऱ्याच्या शरीरांत जातात. १८७२ सालीं कलकत्त्यास टिमथी लुईस यांनीं तीं मनुष्याच्या रक्तांत पाहिलीं. विलक्षण गोष्ट अशी कीं, आपल्याकडे तीं बहुधा रात्रींच त्वचेजवळच्या रक्तांत येतात. म्हणून सूक्ष्मदर्शकानें तीं शोधावयाचीं तर निजलेल्या माणसांस उठवून रक्ताचे थेंब घ्यावे लागतात.

ही अडचण सोन्यानें पुष्कळशी दूर केली. सोन्याच्या पाण्यांतील तांबडा रंग हा कणांच्या सूक्ष्मतेचा परिणाम होय, असें मायकेल फॅरडे यांनीं लंडन येथें १८५७ सालीं प्रतिपादिलें. १९०८ सालीं गुस्ताफ मी यांनीं त्याचा गणिती उलगडा केला. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां एक भाग म्हणजे नॅनोमीटर. कांहीं दशक नॅनोमीटर व्यासाच्या कणावर प्रकाश पडला कीं त्यांतील इलेक्ट्रॉन एकदम हेलकावे घेतात, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि तांबडा उरतो.

तपासणीच्या पट्टींत अशा कणांना प्रतिपिंडें, म्हणजे विशिष्ट परक्या पदार्थासच चिकटणारीं प्रथिनें, जोडलेलीं असतात. बोटाचें रक्त पट्टीवर घातलें म्हणजे प्रौढ कृमीनें रक्तांत सोडलेला पदार्थ त्यांना चिकटतो. वातींत तेल चढावें तसा हा प्रवाह पुढें सरकतो. वाटेंत एका आडव्या रेघेवर तसेंच दुसरें प्रतिपिंड स्थिर केलेलें असतें. तेथें कण अडकून दाटी करतात आणि दहा मिनिटांत तांबडी रेघ उमटते. पट्टी ठीक आहे हें दुसऱ्या रेघेवरून कळतें. कृमीचा पदार्थ रक्तांत दिवसांही असल्यामुळें रात्रीचें जागरण टळतें.

गांवोगांव दरवर्षीं दिलीं जाणारीं औषधें केव्हां थांबवावीं, हें ठरवितांना सहा-सात वर्षांच्या मुलांचें रक्त असेंच पाहतात. तीं अलीकडे जन्मलेलीं. त्यांच्यांत रेघा ठरीव मर्यादेच्या आंत राहिल्या, तर प्रसार खुंटला असें समजतात.

तथापि रेघेचा अर्थ जपून लावावा लागतो. औषधानें पिल्लें नाहींशीं झाल्यावरही कृमीचा पदार्थ कांहीं काळ रक्तांत राहतो. म्हणून रेघ उमटलेल्या माणसाचें रक्त रात्रीं पुन्हां तपासणें इष्ट असतें. उलट, पाय सुजलेल्या जुन्या रोग्याच्या रक्तांत रेघ न उमटणेंही संभवतें, कारण त्याचे कृमि मेलेले असतात. एकदां जाड झालेला पाय सहसा पूर्ववत् होत नाहीं. सूज येण्यापूर्वीं, माणूस धडधाकट दिसत असतांनाच ही रेघ त्यास सावध करते. तिचें खरें मोल यांतच आहे.