गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ वाढली!

क्षयाची औषधे चालू असतात, ताप उतरलेला असतो, रोग्याला दोन घास जाऊ लागलेले असतात. मग एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप भरतो. मानेतली सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होते. घरचे म्हणतात, "औषध उष्ण पडलं, बंद करा."

माझ्याकडे एक शेतमजूर आला तेव्हा दोन्ही औषधे सोडून त्याला वीस दिवस झाले होते. गाठ मऊ पडली होती. सुईने पू काढून तपासायला पाठवला. औषधांना दाद न देणारा क्षय तर नाही ना, हे आधी पाहावेच लागते. तसे काही नव्हते. मी त्याला म्हटले, "अरे, तुझी ताकद परत येतेय, म्हणून गाठ वाढली."

त्याला ते पटायला वेळ लागला. तुम्हालाही लागेल.

एचआयव्हीचा विषाणू सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. या पेशी शरीराच्या राखणदार. त्या संपत आल्या, की क्षयाचे जंतू अंगात असूनही फारशी सूज येत नाही. कधी छातीचा फोटोही स्वच्छ दिसतो. गोळ्यांनी विषाणू दबला, की राखणदार जागे होतात आणि जंतूंवर, अगदी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडतात. त्या झटापटीतून ताप आणि सूज येते. डॉक्टर याला 'आयरिस' म्हणतात. बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होते. सीडी-४ फार कमी असलेल्यांना अधिक. काहींचा लपलेला क्षय तर अशा वेळीच प्रथम उघडा पडतो. म्हणून खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर गोळ्या सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

मग गोळ्या उशिरा सुरू केल्या तर? कंबोडियात 661 रोग्यांवर हेच पाहिले गेले. निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. क्षयाच्या औषधांनंतर दोन आठवड्यांनी गोळ्या सुरू केलेल्यांत आयरिस जास्त झाला, पण मृत्यू 18 टक्के. आठ आठवडे थांबलेल्यांत 27 टक्के. आता दोन आठवड्यांच्या आतच गोळ्या सुरू करतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र थोडे थांबतात.

त्रास सौम्य असेल तर तापाचे साधे औषध पुरते. जास्त असेल तर काही आठवडे प्रेड्निसोलोन देतात. हे मात्र दुकानातून परस्पर आणायचे औषध नव्हे!

आमच्या शेतमजुराच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. गाठ विरायला तीन महिने लागले. सगळ्यांना इतकी सवड मिळत नाही. डोके असह्य दुखणे, उलट्या, गुंगी, झटके किंवा धाप लागली, तर सकाळची एसटी पकडू म्हणून थांबू नका. त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठा, आणि दोन्ही औषधांची पाकिटे बरोबर न्या.