घर उभं राहतं लाकडाच्या सांगाड्यावर

बचत गटातून घरदुरुस्तीसाठी कर्ज घेताना बऱ्याच जणी सांगतात, "भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचाय." विटांच्या घराचं ठीक आहे. पण घर लाकडी खांबांचं आणि कुडाचं असेल तर जरा थांबा. असं घर कशावर उभं असतं, हे आज आम्ही इंग्लंडमधल्या एका जुन्या घराच्या उदाहरणानं सांगणार आहोत.

चेशर परगण्यात काँगलटन गावाजवळ हे घर आहे. नाव लिटल मोर्टन हॉल. मोर्टन घराण्यानं १५०० नंतर ते बांधायला घेतलं आणि १६१० पर्यंत टप्प्याटप्प्यानं वाढवलं. भोवती पाण्याचा खंदक आहे.

घराचा सगळा भार ओकच्या लाकडाच्या सांगाड्यावर आहे. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तासून त्यात बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. असे सांधे जोडून चौकटी उभ्या करायच्या. खाली दगडी जोतं असल्यामुळे लाकूड ओल्या जमिनीला टेकत नाही. अशा घरांत चौकटींमधल्या जागेत कामट्या विणून त्यावर माती, शेण आणि पेंढा यांचा लेप देत. म्हणजे आपला कूडच की! ही भिंत वारा-पाऊस अडवते, छप्पर पेलत नाही. म्हणून ती खराब झाली तर तेवढीच काढून नवी घालता येते.

पुढे मोर्टन मंडळींनी वरच्या मजल्यावर सुमारे ६८ फूट लांबीचं दालन चढवलं. त्याच्या छपराला जड दगडी फरश्या आहेत. त्या ओझ्यानं खालचे मजले वाकले, भिंतींना फुगवटे आले. नंतर दालनात आडव्या तुळया घालून आधार दिला. घर वाकडं दिसतं, पण पडलेलं नाही. लाकूड आणि खुंटीचे सांधे थोडे हलतात, वाकतात आणि भार वाटून घेतात. १९३८ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते.

अशा घराचा खरा शत्रू म्हणजे कोंडलेली ओल. माती आणि चुन्यातून ओल बाहेर निघून जाते. सिमेंटला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, पण सहज बाहेर पडत नाही आणि लाकूड आतून कुजतं. इंग्लंडमध्ये अनेक जुन्या घरांचं असंच नुकसान झालं. त्यामुळे तिथे आता दुरुस्तीला पुन्हा चुना वापरतात.

तेव्हा कर्जाचा अर्ज भरण्याआधी एवढं करा. खांबाच्या बुडाशी दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, आधी सुताराला बोलवा. मग छपराची गळती थांबवा, जोत्याभोवतीचं पाणी वळवा. भिंतीचं काम शेवटी, तेही माती-चुन्यानं. वर मजला किंवा पाण्याची टाकी चढवायची असेल, तर खालचे खांब ते पेलतील का, हे जाणकाराला विचारल्याशिवाय हात घालू नका.