उद्याचा मतदार घरातच घडतो

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुंबई-पुण्याच्या राजकारणाची चर्चा मोठ्या उत्साहाने रंगते. परंतु आपल्या भागाचा आमदार कोण, असे विचारल्यास घरातील सोळा वर्षांचा मुलगा निरुत्तर होतो आणि पुष्कळदा त्याचे वडीलही! ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मुलाचे मत पडावयाचे आहे ते याच गावात.

१९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर आणले. शाळा सुटते न सुटते तोच हा अधिकार हाती येतो. तेव्हा तयारी व्हावयाची ती कुमारवयातच.

पहिला धडा, कोणते काम कोणाचे हे ओळखण्याचा. कचरा आणि गल्लीतील दिवे महानगरपालिकेकडे, पोलीस राज्य सरकारकडे, रेल्वे आणि टपाल केंद्राकडे. एवढे न कळल्यास साचलेल्या कचऱ्याचा राग लोकसभेच्या उमेदवारावर निघतो आणि ज्याला जाब विचारावयाचा तो निवांत सुटतो.

दुसरा धडा वाचनाचा. मराठी मासिक घरी यावेच. पण गुजराती, हिंदी वा तेलुगू दैनिकातील स्थानिक वार्ताही मुलांनी नित्य वाचाव्यात. एकच बातमी दोन पत्रांत ताडून पाहण्याची सवय जडली, की मोबाइलवरून पसरणाऱ्या अफवांवर त्यांचा सहसा विश्वास बसत नाही.

तिसरा धडा उमेदवाराच्या पारखीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांना शिक्षण, मालमत्ता, कर्जे आणि प्रलंबित फौजदारी खटले शपथपत्रात नमूद करावे लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येतात. निवडणुकीच्या दिवसांत दोन उमेदवारांची शपथपत्रे रात्रीच्या जेवणानंतर मुलांसह वाचावीत. मात्र मत कोणाला द्यावे हे आईवडिलांनी सांगू नये. ते कसे ठरवावे, एवढेच दाखवावे.

एवढे करूनही यादीत नाव नसेल तर सारे व्यर्थ. २०२२ पासून १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना नमुना क्रमांक ६ भरून आगाऊ अर्ज करता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या पात्रतेच्या चार तारखा होत.

ज्या गावाने आपल्या पणजोबांना थारा दिला, त्याच्या कारभाराविषयी आपली मुले अनभिज्ञ राहणे शोभत नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलाने या गावाचा जाणता नागरिक व्हावे, यातच त्या घराचीही प्रतिष्ठा आहे.